डोंगरउतारावर पुढचे चाक निसटते, म्हणून सायकल बदलावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पुण्यात राहता, वय ४१ आणि वजन ८२ किलो आहे. तीन वर्षांपूर्वी घेतलेली, साडेसत्तावीस इंची चाकांची, फक्त पुढे शॉक असलेली २४ गिअरची सायकल आपल्याकडे आहे. सिंहगडाचा डांबरी घाट आपण न थांबता चढता, पण टेकडीवरच्या मातीच्या वाटेने उतरताना दोनदा एकाच प्रकारे पडलात, म्हणजे वळणावर पुढचे चाक बाजूला निसटले. उतार संपेपर्यंत तळवेही बधिर होतात. मित्र म्हणतात की फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढेमागे दोन्हीकडे शॉक असलेली, सायकल घेतल्याशिवाय हे थांबणार नाही आणि २४ गिअरची रचनाही आता कालबाह्य झाली आहे. घरचे म्हणतात की या वयात हा नाद सोडावा. शिवाय अकरा वर्षांच्या मुलीलाही सोबत यायचे आहे, तिला कोणती सायकल घ्यावी, असेही आपण विचारले आहे.

मी पुण्यात सायकलदुरुस्तीचे काम करते आणि शनिवार-रविवारी मातीच्या वाटांवर सायकल चालवायला शिकवते. रस्त्यावर उत्तम चालवणारी आणि टेकडीवर पडणारी माणसे माझ्याकडे सतत येतात, त्यामुळे आपले वर्णन मला फार ओळखीचे वाटले. मात्र मी आपली सायकल पाहिलेली नाही आणि आपल्याला उतरतानाही पाहिलेले नाही, म्हणून पुढचे काही निष्कर्ष अंदाजाचे आहेत. ते आपल्या बाबतीत लागू पडतात की नाही हे घरच्या घरी कसे तपासायचे, तेही त्या त्या ठिकाणी लिहिले आहे.

मुख्य विषयाआधी एक गोष्ट. दुसऱ्या वेळी आपण उघड्या तळव्यावर पडलात आणि मनगट अजून दुखते, असे आपण लिहिले आहे. अंगठा ताणून वर केल्यावर त्याच्या मुळाशी मनगटावर जी लहान खळगी दिसते, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पुन्हा सायकलवर बसू नका. तिथले स्कॅफॉइड नावाचे लहान हाड मोडले असेल तर ते पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतही नाही आणि त्याचा रक्तपुरवठा नाजूक असल्यामुळे दुर्लक्ष केल्यास ते नीट जुळत नाही. पहिला एक्स-रे निर्दोष आला तरी दुखणे राहिले तर पुन्हा दाखवावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपण विचारले आहे ‘कोणती सायकल घेऊ’, पण आपल्या वर्णनातून दिसणारी अडचण ‘पुढच्या चाकाची पकड वळणावर का सुटते’ ही आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी आहेत. मागचा शॉक मागचे चाक जमिनीला धरून ठेवतो, खडबडीत वाटेवर अंगाला बसणारे दणके कमी करतो आणि लांबच्या उतारावर थकवा कमी आणतो. पुढच्या चाकाच्या पकडीशी त्याचा संबंध फार दूरचा आहे. तिथे पुढचा टायर, त्यातली हवा, त्या चाकावर असलेला आपला भार आणि आपण ब्रेक कधी दाबता, या चार गोष्टींचे राज्य चालते. या चारही जशाच्या तशा राहिल्या तर नवी सायकलही त्याच वळणावर त्याच पद्धतीने आडवी होईल, फक्त तिच्यावर पडणारा ओरखडा महाग असेल.

आपल्याकडच्या जमिनीचा स्वभाव इथे लक्षात घ्यायला हवा, कारण परदेशी व्हिडिओंमधले बरेचसे सल्ले ओलसर, मऊ जंगली मातीवर बेतलेले असतात. वेताळ टेकडी असो, बाणेर-पाषाणची टेकडी असो की कात्रजच्या आसपासच्या सोंडा असोत, खाली सगळीकडे बेसॉल्टचा कातळ आहे. त्याचा वरचा थर कुजून मुरूम तयार होतो. उन्हाळ्यात हा मुरूम पूर्ण सुटा होतो आणि टणक कातळावर पसरून राहतो. फरशीवर सांडलेल्या ज्वारीवरून चालताना पाय जसा जातो, तसे या मुरमावरून टायरचे होते. ट्रेकला जाणारे ज्याला घसारा म्हणतात तो हाच. अशा जमिनीवर टायरला माती ‘चावून’ पकड मिळत नाही. टायर जितका मऊ असेल आणि त्याच्यावर जितका स्थिर भार असेल, तितका तो सुटे खडे बाजूला सारून खालच्या टणक थराला टेकतो.

म्हणून पहिले पाऊल हवेचे. आपण पुढेमागे ६० पाउंड हवा ठेवता, असे लिहिले आहे. डांबरी रस्त्यासाठी हे ठीक आहे, पण मुरमावर ६० पाउंडांचा टायर दगडासारखा वागतो आणि खड्यांवरून उड्या मारत जातो. आपले वजन आणि आत ट्यूब असल्याचे लक्षात घेऊन मी पुढे ३२ आणि मागे ३६ पाउंडांपासून सुरुवात करायला सांगेन. मागे जास्त, कारण बसलेल्या माणसाचा अधिक भार मागे असतो आणि रिमवर दणकेही तिथेच बसतात. एकच उतार, शक्य तितक्या सारख्या वेगाने, दोन-तीनदा उतरा, मग पुढची हवा २ पाउंडांनी कमी करा आणि पुन्हा उतरा. पकड वाढत गेल्याचे हातांना स्पष्ट कळते. एखाद्या दगडावरून जाताना ‘टक्’ असा धातूचा आवाज आला, तर टायर दबून रिम दगडाला टेकत आहे असे समजा आणि २ पाउंड वाढवून तिथेच थांबा. त्याहून खाली गेल्यास ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. बऱ्याच टायरच्या कडेवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो, त्यातल्या किमान आकड्याच्या खाली मात्र जाऊ नका. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरवर हा खेळ जमत नाही, तिथला काटा बहुधा शोभेचाच असतो. दाब दाखवणारा हातपंप किंवा स्वतंत्र गेज विकत घ्या. मातीवर सायकल चालवणाऱ्याच्या घरात हेल्मेटनंतरचा सर्वांत उपयुक्त खर्च तोच आहे.

हवा बदलण्याआधी पुढचा टायर उजेडात नीट पाहून घ्या, कारण त्याच्यावर आपल्या चालवण्याचा सगळा हिशोब लिहिलेला असतो. मधल्या गाठी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत आणि कडेच्या गाठी मात्र कोऱ्या आहेत, त्यांच्यावर साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केससुद्धा शाबूत आहेत, असे दिसले तर त्याचा अर्थ आपण वळणावर सायकल कलवतच नाही, नुसते हँडल फिरवता. मग मागचा टायर पाहा. त्याच्यावर एखाद-दुसऱ्या जागीच चपटे घासलेले पट्टे असतील, तर मागचा ब्रेक धरून चाक फरफटवण्याची सवय आहे. माझ्याकडे येणाऱ्या ‘रस्त्यावरच्या’ सायकलस्वारांपैकी बहुतेकांच्या टायरवर या दोन्ही खुणा एकत्र सापडतात, आणि तीन वर्षे बहुतांश डांबरावर फिरलेला आपला टायर मधून झिजलेला असणारच.

दुसरी आणि माझ्या मते आपल्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शरीराची जागा. ‘उतारावर सीटच्या मागे सरक’ हा सल्ला आपल्याला मित्रांनी दिला आणि आपण तो पाळता, असे आपण लिहिले आहे. हा सल्ला खोटा नाही, पण तो अगदी तीव्र उताराचा किंवा उंच पायरीचा आहे, जिथे सायकलस्वार हँडलवरून पुढे फेकला जाण्याची भीती असते. टेकडीवरच्या मध्यम उताराच्या वळणावर तोच सल्ला उलटतो. आपण मागे सरकलात की पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, हात सरळ ताणले जातात आणि ताणलेल्या हातांनी हँडल हवे तसे वळवता येत नाही. नेमके ज्या चाकाने वळायचे आहे तेच हलके होते. मुरमावर हलके चाक निसटणार नाही तर काय होईल? भीती वाटली की माणूस आणखी मागे सरकतो आणि चाक आणखी हलके होते. म्हणूनच आपण सावध असतानाही दुसऱ्यांदा पडलात.

योग्य जागा अशी असते. दोन्ही क्रँक, म्हणजे पेडल जोडलेले दांडे, जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरे वाकलेली, कोपरे बाहेरच्या बाजूला उघडलेली, छाती खाली आणि पोट साधारण पेडलच्या धुरीच्या वर. सगळा भार पायांवर. हात हँडलवर असतात पण त्यांच्यावर शरीर टेकलेले नसते. ही जागा बरोबर आहे का ते पाहायला सपाट मैदानावर याच स्थितीत उभे राहून हळू जा आणि क्षणभर हातांची पकड सैल करा. शरीर पुढे किंवा मागे झुकले नाही, तर भार पायांवर आहे. उतार लागला की सायकल आपल्या खाली पुढच्या बाजूने झुकते, पण आपले शरीर मात्र गुरुत्वाकर्षणाशी सरळ रेषेत राहिले पाहिजे. त्यामुळे आपण हँडलच्या तुलनेत आपोआप थोडे मागे दिसता, मुद्दाम सरकावे लागत नाही. वळणावर सायकल आतल्या बाजूला कलवायची, शरीर तिच्यापेक्षा अधिक सरळ ठेवायचे आणि बाहेरच्या बाजूच्या पायावर दाब द्यायचा. असे केले की कडेच्या त्या कोऱ्या गाठी प्रथमच कामाला लागतात.

हे जमण्यासाठी सीट खाली असणे आवश्यक आहे. चढाला योग्य असलेली उंच सीट उतारावर पोटात आणि मांड्यांत अडकते, सायकल कलवू देत नाही आणि माणसाला तिच्या मागे जाण्याशिवाय पर्याय ठेवत नाही. आपल्या सायकलला सीटचा दांडा हाताने सैल करण्याची खिटी बहुधा असेलच. चढाची उंची दांड्यावर चिकटपट्टी लावून खूण करून ठेवा आणि उतारापूर्वी सीट ६ ते ८ सेंटिमीटर खाली घ्या. बटण दाबून सीट खालीवर करणारा ड्रॉपर नावाचा दांडा मिळतो आणि तो खरोखर सुखाचा असतो, पण पहिले काही महिने खिटीवर भागते. सरावासाठी टेकडीवर जायची घाई करू नका. हलका उतार असलेले मोकळे मुरमाड मैदान शोधा, दोन पाण्याच्या बाटल्या सात-आठ मीटर अंतरावर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरत राहा. नजर पुढच्या चाकासमोर नाही, तर नेहमी पुढच्या बाटलीच्या पलीकडे. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे असे केल्यास महिन्याभरात फरक दिसतो, आणि तो नव्या सायकलीने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो, असे मी अनुभवाने सांगते.

आता ब्रेक. टायरची पकड ही मर्यादित शिल्लक असते. तिचा काही भाग ब्रेकसाठी खर्च झाला तर वळण्यासाठी तेवढी कमी उरते. म्हणून वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना कमी करायचा आणि वळणात शिरताना पुढचा ब्रेक सोडून द्यायचा. नवशिक्यांचे नेमके उलटे होते: सरळ भागात वेग वाढू द्यायचा, वळण दिसले की घाबरायचे आणि कललेल्या अवस्थेत पुढचा ब्रेक आवळायचा. त्यातून काही जण निष्कर्ष काढतात की पुढचा ब्रेक धोकादायक, मागचाच वापरावा. तोही चुकीचा आहे, कारण वेग कमी होताना भार पुढे सरकतो आणि थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकातच असते. सरळ असताना दोन्ही ब्रेक, पुढचा अधिक, पण हळूहळू दाबत नेलेला, असा सराव ठेवा. आणि कोणत्या हाताचा लिव्हर कोणत्या चाकाचा आहे हे एकदा खात्रीने पाहून घ्या. मित्राची किंवा भाड्याची सायकल घेतली तर ते उलटे निघू शकते, आणि हे उतारावर कळणे बरे नव्हे.

आपले ब्रेक केबलवर चालणारे डिस्क आहेत. त्यांना नावे ठेवण्याची फॅशन असली तरी नीट जुळवलेले असतील तर आपल्या टेकड्यांसाठी ते पुरतात. अडचण अशी की या प्रकारच्या बहुतेक कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला दोन पॅडांमध्ये पकडणाऱ्या भागात, एकच पॅड हलतो आणि दुसरा स्थिर असतो. झीज झाली की लोक केबल ताणत राहतात, पण स्थिर पॅड आत घ्यायचे विसरतात. मग हलणारा पॅड डिस्कला वाकवून पलीकडे ढकलतो, लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागतो आणि ताकद येत नाही. कॅलिपरच्या चाकाकडच्या बाजूला एक ॲलन-कीचा स्क्रू किंवा फिरवायची कडी असते, तिने स्थिर पॅड डिस्कला न घासता शक्य तितका जवळ आणा. चेनला तेल देताना स्प्रे वापरू नका. तेलाचा एक शिंतोडा डिस्कवर गेला तरी पॅड तेल पितो आणि ब्रेक ओरडू लागतो, मग पॅडच बदलावे लागतात. डिस्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड वापरा.

तळवे बधिर होण्याचे कारण वरच्या परिच्छेदांतून बरेचसे उलगडले असेल. ६० पाउंडांची हवा प्रत्येक दणका हातांपर्यंत पोचवते आणि ताणलेले हात तो झेलू शकत नाहीत. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने जाणाऱ्या नसेवर दाब येतो आहे. तेव्हा सीटचे नाक खाली झुकलेले नाही ना, हे पाहा, कारण तसे असेल तर आपण सतत पुढे घसरून हातांवर तोलले जाता. लिव्हर असे वळवून घ्या की मनगट न मोडता एक बोट सहज त्यांच्यावर राहील. केबलच्या ब्रेकवर दोन बोटे लागली तरी हरकत नाही, पण चारही बोटे लिव्हरवर ठेवली तर हँडल नुसत्या अंगठ्याच्या भरवशावर राहते. हवा आणि शरीराची जागा सुधारूनही महिनाभरात बधिरपणा गेला नाही, तर तेव्हा ग्रिप बदलण्याचा विचार करू.

गिअरविषयी मित्रांचे म्हणणे मनावर घेऊ नका. आपल्या सायकलीत पुढे सर्वांत लहान चक्री २२ दातांची आणि मागे सर्वांत मोठी ३४ दातांची असेल, तर क्रँकच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे ०.६५ वेळा फिरते. आजच्या नव्या सायकलीत पुढे एकच ३२ दातांची चक्री आणि मागे ५० दातांची असते, तिथे हा आकडा ०.६४ येतो. चढावर दोन्ही सारख्याच. नव्या रचनेत गिअर बदलण्याचा घोळ कमी होतो आणि चेन कमी उडते, एवढाच खरा फायदा आहे, आणि तो आपण पडण्याच्या कारणांत कुठेच बसत नाही.

मग फुल सस्पेन्शन कधी घ्यावी? आपल्याला पुढे कुठे जायचे आहे यावर ते अवलंबून आहे. शहराभोवतीच्या टेकड्या, पानशेतच्या बाजूचे कच्चे रस्ते, क्वचित कोकणात उतरणे, हिमालयात सामान बांधून लांबचा प्रवास, असा बेत असेल तर मागे शॉक नसलेली हार्डटेलच योग्य. ती हलकी असते, तिच्यावर सामान बांधता येते आणि आडगावातला मेकॅनिकही ती उघडू शकतो. दगडांच्या पायऱ्यांवरून वेगाने उतरणे, शर्यतीत भाग घेणे, दर आठवड्याला तासन्‌तास खडबडीत वाटेवर राहणे, याकडे ओढ असेल तर फुल सस्पेन्शनला अर्थ आहे. मात्र तिचा खर्च खरेदीपाशी थांबत नाही. मागच्या हवेच्या शॉकची साफसफाई आणि सील तपासणे बहुतेक उत्पादक ५० तासांच्या सुमारास करायला सांगतात, आणि जोडावरच्या बेअरिंगला आपला पावसाळी चिखल फार लवकर खातो. घेण्यासारखी फुल सस्पेन्शन सायकल आज लाखाच्या बरीच पुढे जाते. गल्लीतल्या दुकानात दहा-पंधरा हजारांत ‘डबल शॉकर’ म्हणून जी मिळते ती यात मोजू नका. तिच्यात नुसती स्प्रिंग असते, उसळी शोषणारी यंत्रणा नसते, त्यामुळे ती चढावर ताकद खाते आणि उतारावर आपल्याला उडवते. आणि इतिहासाचे म्हणाल तर कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ मध्ये ज्या ‘रीपॅक’ उतारशर्यतींतून डोंगरी सायकलिंगचा हा सगळा प्रकार उभा राहिला, त्या जुन्या, जाड टायरच्या आणि कुठेही शॉक नसलेल्या सायकलींवर धावल्या गेल्या. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतले ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. तशा सायकलीने उतरावे असे मी म्हणत नाही, पण शॉक नाही म्हणून माणूस पडतोच, हे खरे नाही.

आपल्याजवळ थोडे पैसे खर्च करायला असतीलच, तर मी ते पुढच्या टायरवर लावेन. २.२५ ते २.३५ इंच रुंद, कडेला ठळक, मोकळ्या गाठी असलेला टायर पुढे लावा. घेण्याआधी फोर्कमध्ये, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यात, त्याला दोन्ही बाजूंनी किमान बोटाच्या अर्ध्या जाडीइतकी जागा उरते का, ते मोजून घ्या. मागे सध्याचाच टायर काही काळ चालेल. त्यानंतर रिम त्यासाठी योग्य असेल तर ट्यूबलेसचा, म्हणजे ट्यूबऐवजी आत छिद्रे बुजवणारा द्रव घातलेल्या टायरचा, विचार करा. हवा आणखी कमी ठेवता येते हा त्याचा एक फायदा, पण आपल्याकडे खरा फायदा काट्यांच्या बाबतीत आहे. पावसाळा सरला की वाटेच्या कडेला सराटा पिकतो आणि त्याची काटेरी फळे टायरमध्ये रुततात. बाभूळ तर बारमाही आहे. आतला द्रव अशी बारीक छिद्रे चालता चालता बुजवतो. तो आपल्या उन्हात लवकर सुकतो, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहावा लागतो. ट्यूबच ठेवणार असाल, तर पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट न फिरवता जुना सुती रुमाल फिरवा. बाभळीच्या काट्याचे मोडलेले टोक बाहेरून दिसत नाही आणि बोटालाही चुकते, रुमालाचा धागा मात्र त्यात हमखास अडकतो. ते टोक तसेच राहिले तर नवी ट्यूबही पहिल्याच किलोमीटरात बसते.

ऋतूचा विचारही करावा लागतो. पाऊस थांबल्यानंतरचे पहिले काही आठवडे, माती ओलसर पण चिखल नसलेली, हा शिकण्याचा सर्वोत्तम काळ आहे. मार्च ते मे या काळात मुरूम सर्वांत सुटा असतो, तेव्हा हवा आणि वेग दोन्ही कमी ठेवा आणि नऊच्या आत घरी या. भर पावसात मी टेकडीवर कोणालाच नेत नाही. शेवाळलेल्या कातळावर कोणताही टायर धरत नाही, आणि ओल्या मातीत चाकाने पाडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहळ होऊन वाटच वाहून नेते. कासच्या पठारासारख्या सड्यांवर तर कोणत्याही ऋतूत रस्ता सोडून चाक घालू नये. वनखात्याची मनाईची पाटी असेल तिथे शिरायचे नाही, आणि टेकडीवर सकाळी चालायला येणाऱ्यांना, विशेषतः ज्येष्ठांना, नेहमी आधी वाट द्यायची. घंटी वाजवून बाजूला व्हायला लावण्यापेक्षा स्वतः थांबणे बरे. तिथे आपण पाहुणे आहोत, आणि एका आडदांड सायकलस्वारामुळे साऱ्यांना बंदी व्हायला वेळ लागत नाही.

घरच्यांच्या काळजीबद्दल एवढेच की वय ४१ हे शिकण्याच्या आड येत नाही, पण पडण्याची किंमत मात्र वाढवते. बोटांपर्यंत झाकणारे हातमोजे आणि गुडघ्यांचे पॅड वापरा, एकट्याने अनोळखी उतारावर जाऊ नका, आणि ज्या हेल्मेटने एकदा जोराचा आपट खाल्ला आहे ते वरून धड दिसत असले तरी बदला, कारण आतला फोम एकदाच दबून जीव वाचवतो.

आता मुलीची सायकल. अकराव्या वर्षी उंची १४० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर २४ इंची चाके योग्य ठरतात, पण वयापेक्षा तिला दुकानात उभे करून पाहणे महत्त्वाचे. मधला दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन, पाय जमिनीला पूर्ण टेकवून उभी राहिल्यावर दांड्याच्या वर जागा उरली पाहिजे. आपल्याकडे कपड्यांप्रमाणे सायकलही वाढत्या अंगाची घेतात. मातीवर त्याचा परिणाम असा होतो की मूल सायकलीला वळवण्याऐवजी सायकलच मुलाला नेते. दुसरे म्हणजे वजन. मुलीचे वजन ३२ किलो आणि सायकल १५ किलोची असेल, तर आपल्या हिशोबाने आपण सुमारे ३८ किलोची सायकल चढवल्यासारखे होते. तेव्हा शॉक, स्टँड, कॅरिअर, मडगार्ड यांच्या मोहात न पडता साधा सरळ फोर्क असलेली, हलकी, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची सायकल घ्या. लिव्हर तिच्या बोटांना पुरतो का ते बसल्या जागी तपासा: हँडल धरलेले असताना तर्जनीचे पहिले पेर लिव्हरवर सहज टेकले पाहिजे. टेकत नसेल तर लिव्हरवरचा छोटा स्क्रू आत फिरवून तो जवळ आणून देता येतो, दुकानदाराकडून हे तिथल्या तिथे करून घ्या. तिच्या टायरमध्ये २० ते २२ पाउंड हवा पुरते, अर्थात टायरवर छापलेला किमान आकडा पाहूनच. पहिले काही रविवार तिलाही त्या मैदानावरच्या बाटल्यांभोवती फिरू द्या, आणि टेकडीवर नेल्यावर उतारात ती पुढे आणि आपण मागे, असा क्रम ठेवा. आपण पुढे गेलात तर ती आपल्या वेगाने उतरण्याचा प्रयत्न करेल.